मुंगीच्या हाताखालून

माझी उंची कमी आहे. किती ते सांगणार नाही. सांगितलं की लोक मनातल्या मनात मला कशाच्या तरी शेजारी उभं करून बघतात, फ्रीजच्या नाहीतर स्वतःच्या धाकट्या मुलाच्या. दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाला मी दिसत नाही आणि बँकेत मला अजून विचारतात, "बाळ, सोबत मोठं कुणी आलंय का?" माझे केस पिकायला लागलेत. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण ज्याने काढली तो मला कुठे भेटला तर त्याचं काय करीन ते इथे लिहिण्यासारखं नाही. हल्ली कुणी 'मूर्ती' म्हणायला तोंड उघडलं की पुढचं मीच पूर्ण करून टाकते. तेवढेच त्यांचे कष्ट वाचतात.

मी राइड्स डिझाइन करते. थीम पार्कात लोक ज्यात बसून किंचाळतात त्या. आई शेजारपाजारी सांगते, "आमची मुलगी पाळणे बनवते," आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी तान्ह्या बाळांचे पाळणे विणते. एका काकूंनी तर नातवासाठी ऑर्डरही दिली होती.

या धंद्यात मी आले ती एका लाकडी जिराफामुळे. आमच्या घरापासून बसने जाता येईल अशी एक बाग होती आणि तिच्यात पत्र्याच्या हत्तींचा पाळणा होता. हत्ती गोल फिरायचे, थोडे वर जायचे, थोडे खाली यायचे. दारात तो जिराफ उभा. त्याच्या मानेवर लाल रेघ. डोकं रेघेला लागलं तर आत, नाहीतर बाहेर. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एक वर्ष असं उजाडलं की तो आत गेला आणि मी कठड्याबाहेर त्याची चप्पल सांभाळत उभी राहिले. दारावरचा माणूस म्हणाला, "पुढच्या वर्षी ये हं. तोवर भरपूर दूध पी." मी दूध प्यायले. इतकं प्यायले की आमच्या दूधवाल्याने त्यावर मजला चढवला असेल. आईने दाराच्या चौकटीत दांडा बसवून घेतला, त्याला रोज सकाळी लोंबकळायचं. लोंबकळून माझे हात तेवढे मजबूत झाले.

पण त्या जिराफावर माझा राग नव्हता, हे मुद्दाम सांगते. मला वाटायचं, कुणीतरी शहाण्या माणसाने गणित मांडलं असणार. एवढ्या उंचीखालचं माणूस हत्तीतून निसटून पडेल, असं त्या गणितात आलं असणार. जिराफ बिचारा माझा जीव वाचवतोय. माझी तक्रार होती ती यंत्राशी. एवढी मोठी यंत्रं बनवतात, मग मला धरून ठेवील असं का बनवत नाहीत? मग आपणच बनवू, म्हटलं, आणि यंत्रं शिकायला गेले.

शिकून पहिल्या कंपनीत मुलाखतीला गेले, तर दारावरच्या माणसाने काहीही न विचारता मला मागच्या खोलीत पाठवलं. तिथे एका बाईने माझ्या खांद्यांचं माप घेतलं आणि हातात सशाचं डोकं दिलं. फायबरचं, आतून घामाचा वास येणारं. "श्वास नाकाच्या भोकांतून घ्यायचा," ती म्हणाली. "पोरं कान ओढतात, तेवढं सांभाळ." मी ते डोकं काखेत मारलं, मुलाखतीच्या खोलीत गेले आणि तिथल्या साहेबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. "हे तुमचं," मी म्हटलं, "आणि हे माझं," आणि शेजारी माझ्या ड्रॉइंगची गुंडाळी ठेवली. ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणीही मिळाली नाही, तिथे सशाऐवजी बदक होतं.

त्यानंतर सर भेटले. त्यांची स्वतःची कंपनी, वेगवेगळ्या पार्कांना राइड्स बनवून देणारी. त्यांनी आधी ड्रॉइंग बघितलं आणि मग वर मान करून, म्हणजे माझ्या बाबतीत खाली करून, मला बघितलं. या एका गोष्टीवर मी त्यांना पुढे बरंच काही माफ केलं. ग्राहकांसमोर ते माझी ओळख 'आमची लवंगी मिरची' अशी करून द्यायचे, तेही माफ केलं. ऑफिसात माझं नावच लवंगी पडलं.

बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या राइड्सचे जिने, कठडे, ब्रेक काढले. मग एकदा एका पार्काच्या मालकांना नवीन राइड हवी होती. सगळ्यांनी ड्रॅगन काढले, ज्वालामुखी काढले. मी एक स्वयंपाकघर काढलं. माणसाला मुंगीएवढं करायचं आणि एका अवाढव्य घरातून फिरवायचं. नाव 'मुंगीची स्वारी'. साखरेच्या दाण्याच्या आकाराच्या गाड्या भिंतीच्या कडेकडेने निघतात, टेबलाखालून जातात, फडताळावर चढतात. तिथे खोलीएवढा हात ओलं फडकं घेऊन फळी पुसत पुसत जवळ येतो, आणि तो अंगावर येणार तेवढ्यात गाडी फळीवरून सुटते ती थेट भांडी धुवायच्या मोरीत. मालक हे ऐकून खुर्चीत पुढे सरकून बसले.

ते सगळं घर मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं होतं. टेबलाची खालची बाजू, जिथे सुतार पॉलिश मारत नाही. ओट्याची कड, जिच्यावर काय ठेवलंय ते हाताने चाचपूनच कळतं. दाराच्या वरची कडी, जी कुणीतरी लावली की आपण अडकलो. ऑफिसातली माणसं गुडघ्यांवर बसून कॅमेरे घेऊन घरभर हिंडली आणि संध्याकाळी कंबर धरून म्हणाली, "बाप रे लवंगी, तुला हे असं दिसतं?" मला फुकट दिसतं, तुम्हाला तिकीट पडेल, असं मी सांगितलं.

माझी अट एकच होती आणि ती मी सरांना पहिल्याच बैठकीत घातली. या राइडला उंचीची पट्टी नसणार. बाकी रंग बदला, नाव बदला, फडकं लाल करा नाहीतर हिरवं. पण बुटकं म्हणून कुणीही दारातून परत जाणार नाही. सर म्हणाले, "तू सुरक्षित करून दाखव, मग पट्टी कशाला?"

मी आणि आमचा गणिती त्याच्या मागे लागलो. गणिती म्हणजे आमच्याकडचा हिशेब करणारा इंजिनिअर, जो चहात साखर किती हेही दशांश चिन्हात सांगतो. साध्या गाडीत सगळ्यांच्या मांड्यांवर मिळून एकच दांडा येतो. शेजारी जाडा माणूस बसला की दांडा त्याच्या पोटाला अडतो आणि बारक्या माणसापुढे वीतभर फट राहते. माणूस पडतं ते त्या फटीतून, उंचीमुळे नाही. आम्ही प्रत्येकाला वेगळा दांडा दिला. तो मांडीला टेकल्याशिवाय अडकणार नाही, आणि एक जरी दांडा अडकला नाही तरी गाडी जागची हलणार नाही. वाळू भरलेल्या बाहुल्या बसवून चाचण्या घेतल्या. त्यात एक माझ्या मापाची होती, गणिती तिला माझी जुळी म्हणायचा. तिला आम्ही त्या फळीवरून इतक्या वेळा खाली सोडलं की शेवटी तिची शिवण उसवली, पण जागची ती हलली नाही.

तपासायला सरकारी बाई आल्या. त्यांना हसणं वर्ज्य असावं. त्यांनी दांडे ओढून पाहिले, वाकून पाहिले, माझ्या जुळीला स्वतःच्या हाताने हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्याच्या मांडीवर दांडा अडकतो आणि ज्याचे पाय खालच्या पट्टीला टेकतात तो बसेल. उंचीची अट घालायचं मला कारण दिसत नाही." मी त्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिले.

घरी जाऊन आईला सांगितलं, पहिल्या फेरीला तू माझ्या शेजारी बसायचंस.

पहिली फेरी ही आमच्या धंद्यातली रीत आहे. राइड लोकांसाठी उघडण्याआधी जिने ती काढली तिने पुढच्या गाडीत बसायचं, घरच्या एका माणसाला सोबत घेऊन. फिटर लोक राइड चालू करायची किल्ली आदल्या दिवशीच तिच्या हातात देतात. ती बसते, फिरून येते, आणि मगच किल्ली पार्कच्या ऑपरेटरला देते. आपल्या माणसाला बसवण्याची तुमची तयारी नसेल तर लोकांच्या माणसांना बसवू नका, असा त्याचा अर्थ. फिटर लोक हे इतकं पाळतात की पहिली फेरी झाल्याशिवाय ते पार्कातून हलत नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी किल्ली माझ्या खिशात होती आणि आईने ठेवणीतली साडी नेसून पायांत माझे जुने धावायचे बूट घातले होते, पाय घट्ट टेकावेत म्हणून.

आम्ही दारापाशी पोचलो आणि मला ती दिसली. लाकडाची, रंगवलेली, हसरी मुंगी. एक हात कमरेवर, दुसरा आडवा पसरलेला. पोटावर लिहिलेलं, 'माझ्या हाताएवढे व्हा, मग स्वारीला या.' तो हात माझ्या डोक्याच्या चार बोटं वर होता.

मला खरंच वाटलं की दुसऱ्या कुठल्या राइडची पट्टी चुकून इथे आली. दारावर उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं. तिला दांडे तपासायचं मीच शिकवलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, सकाळीच लावली. मालकांनी सांगितलंय. हाताखालून जो जाईल त्याला परत पाठवायचं."

मालक आणि सर शेजारच्या ऑफिसात फोटोवाल्यांची वाट बघत होते. मी आत गेले, आई माझ्या मागे.

"सर, ती पट्टी चुकून लागली का?"

सरांनी मालकांकडे बघितलं. तेव्हाच मला कळलं की चुकून लागलेली नाही.

"मॅडम, बसा ना," मालक म्हणाले. मी बसले नाही, त्यांच्या खुर्च्यांवर माझे पाय लोंबतात. "त्याचं काय आहे, ती काही सुरक्षेसाठी नाही. तुमचं काम एकदम चोख आहे. ती पट्टी म्हणजे आपली, काय म्हणतात, चव आहे."

"चव?"

"ज्या राइडला पट्टी नाही ती बाळांची राइड. मोठी पोरं तिकडे फिरकत नाहीत. दारातून चार पोरं रडत परत गेली की बाकीच्यांना वाटतं, आत काहीतरी भारी आहे. आणि दुसरं म्हणजे," ते मला धंद्यातलं गुपित सांगत असल्यासारखे पुढे झुकले, "जे पोर आज परत जातं ते वर्षभर आईबापाच्या मागे लागतं. भिंतीवर रेघा मारतं. पुढच्या वर्षी सगळं खानदान घेऊन येतं. आमच्या धंद्यात परत पाठवलेलं पोर म्हणजे पेरलेलं बी."

"तपासणीवाल्या बाईंनी सांगितलंय, उंचीची अट नको."

"त्यांनी कमीत कमी काय हवं ते सांगितलं. त्याहून कडक नियम लावायला मला कोण अडवणार?"

मी सरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, हे सगळीकडेच असतं," सर म्हणाले. "काही ठिकाणी पट्टी खरी लागते, काही ठिकाणी अशीच. तू एवढी वर्षं या धंद्यात आहेस, तुला वाटलं तरी काय? ते पत्र्याचे हत्ती नव्हते का पूर्वी बागेत, बैलगाडीहून हळू चालायचे. त्याला कसला आलाय धोका? पण दारात जिराफ होताच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती सरांमुळे नाही आणि मालकांमुळेही नाही. माझ्या स्वतःच्या डोक्यामुळे गेली. मी या पृथ्वीवरच्या कुठल्या कुठल्या यंत्रांची गणितं केली होती. झोपेतून उठवून विचारलं तर कुठल्या वळणावर माणूस किती फेकला जाईल ते सांगितलं असतं. पण त्या हत्तींचं गणित मी आयुष्यात कधी मांडलं नव्हतं. त्या जिराफावर माझा इतका विश्वास होता की ते तपासायचंच राहिलं. तिथे उभ्या उभ्या मी ते मांडलं. वेग काही नाही, बाजू माझ्या खांद्यापर्यंत उंच. तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलं असतं तरी काही झालं नसतं. शाळेतल्या मुलालाही जमेल असं गणित होतं.

मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला थोडीच नियम आहे? मागच्या बाजूने जिना आहे ना फिटर लोकांचा, तिथून तुम्हाला आणि आईंना आत घेतो. कुणाला कळणारही नाही. नंतर बाहेर मुंगीशेजारी एक फोटो घेऊ. 'छोट्या ताईची मोठी झेप', मस्त बातमी होईल."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. माझी आई परक्या माणसांसमोर सहसा बोलत नाही. रिक्षावाल्याने वळसा घालून नेलं तरी ती गप्प बसते आणि घरी येऊन दुखऱ्या आवाजात मला सांगते.

"मी हिला मारलं होतं," आई म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"त्या हत्तींच्या इथे. बुटात कागद कोंबून ही जिराफाला चुकवून आत शिरली होती. हत्तीत जाऊन बसली होती आणि मला हात करत होती. मी आरडाओरडा करून ते सगळं थांबवायला लावलं. हिला ओढून बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. मरायचंय का तुला, असं विचारलं. आणि दारावरच्या त्या माणसाला हात जोडले, की तुमच्यामुळे माझी पोर वाचली." मग ती माझ्याकडे वळली. "त्या हत्तीतून तू पडली असतीस का गं?"

ती थप्पड मी विसरले नव्हते. पण तिचा राग मी कधी धरला नव्हता. उलट मोठी होऊन यंत्रं शिकल्यावर मला वाटायचं, आईला न शिकताही बरोबर कळलं होतं.

"नाही आई," मी म्हटलं. "काही झालं नसतं."

आईने मान हलवली. पर्सची चेन उघडली, परत लावली. मला इतका राग आला होता की माझा आवाजच बारीक झाला. बारीक आवाजात मी मालकांना सांगितलं की पहिली फेरी होईल ती पुढच्या दाराने होईल, त्या मुंगीच्या समोरून होईल, आणि तिथे पट्टी असेल तर दारावरची तुमची मुलगी नियमाप्रमाणे मला फोटोवाल्यांसमोर परत पाठवील आणि मी किल्ली खिशात घालून घरी जाईन. फिटर तुमचे नाहीत. किल्लीशिवाय गाडी हलवून द्या म्हटलं तर ते तुमचं तोंड बघत बसतील.

"लवंगी, लहान तोंडी मोठा घास घेतेयस," सर म्हणाले.

"घास तुम्ही घेतलात, सर. मला नुसतं शिजवायला लावलंत."

बाहेर रांग वाढत चालली होती. फोटोवाले येऊन पोचले होते. मालक खिडकीतून रांगेकडे बघून हसले. त्यांचं हसू छान होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुमच्या मनासारखं. काढा ती पट्टी." त्यांनी हाक मारली, दोन माणसं आली, मुंगीला काखेत धरून आडवी करून घेऊन गेली. दारावरच्या मुलीचा चेहरा सुटला. रांगेतल्या काही बारक्या पोरांनी एकमेकांना ढकललं. मी आईचा हात धरला आणि पुढच्या दाराने आत गेले.

ती फेरी कशी झाली म्हणाल तर उत्तम झाली. दांडा माझ्या मांडीवर येऊन टक्कन अडकला. आईच्या मांडीवर अडकला. टेबलाखालून जाताना आईने वर बघितलं आणि म्हणाली, "इथे पॉलिश नाही." फडकं आलं तेव्हा तिने डोळे मिटले. गाडी फळीवरून सुटली तेव्हा माझ्या पोटात जे खड्डा पडल्यासारखं झालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. आजवर मी ते फक्त कागदावर काढत आले होते. मला आनंद झाला का? झाला असावा, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही. पूर्ण फेरीभर मी हत्तींचं गणित परत परत करत होते, कुठे चूक सापडते का बघत होते. सापडली असती तर बरं झालं असतं.

उतरल्यावर मी किल्ली ऑपरेटरच्या हातात दिली. फिटर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपली हत्यारं उचलली आणि ट्रककडे निघाले.

राइडमधून बाहेर पडायचा रस्ता नेहमी दुकानातून काढतात. माणसाचं काळीज अजून धडधडत असतं आणि हात सैल असतो, ही या धंद्यातली पहिली शिकवण. आमचाही तसाच होता, मीच काढलेला, टोप्या आणि मगांमधून वळणं घेत जाणारा. आईला तिथे एक काचेची मुंगी आवडली, ती बघत राहिली, मग किंमत बघून खाली ठेवली. बाहेर येऊन आम्ही वळसा घालून पुढच्या दारापाशी आलो.

मुंगी तिथे होती. हात पसरून.

माझ्या तोंडाला पानं पुसली होती. आत फेरी चालू असताना त्यांनी ती भिंतीआड उभी केली होती आणि किल्ली हातात येताच परत आणली होती. मालक फोटोवाल्यांशी बोलत होते. सर माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागले.

एक मुलगी पट्टीखाली उभी होती. आठएक वर्षांची असेल. टाचा उचलून उभी होती, आणि उचलल्या नाहीत असं दाखवायला चेहरा एकदम साधा ठेवला होता. दारावरची मुलगी तिच्या वडिलांना म्हणत होती, "पुढच्या वर्षी आणा हं काका." वडील मान डोलवत म्हणाले, "बरोबर आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे," आणि त्यांनी दारावरच्या मुलीचे आभार मानले.

ते आभार ऐकून आई जागच्या जागी थांबली.

"सुरक्षेचा प्रश्न नाही," मी मोठ्याने म्हटलं. आता आवाज बारीक नव्हता. "ती पट्टी खोटी आहे. ही राइड मी काढलीय. तपासणीत उंचीची अट घातलेली नाही. हे लोक तुमच्या पोरांना परत पाठवतात ते तुम्ही पुढच्या वर्षी परत तिकीट काढावं म्हणून."

रांगेत कुजबुज सुरू झाली. सर तरातरा आले आणि माझ्या दंडाला धरून कानात म्हणाले, "तोंड बंद कर. उद्यापासून ऑफिसला यायचं नाही."

"नाही येणार. हात सोडा."

त्यांनी सोडला, कारण फोटोवाले वळले होते. माझ्या मनात आलं, संपलं. एवढी वर्षं घासून उभं केलेलं काम गेलं, पुन्हा कुठल्यातरी दारात सशाचं डोकं घेऊन उभं राहायचं आलं. मला रडू येत होतं आणि रडताना लहान माणूस आणखी लहान दिसतं हे माहीत असल्यामुळे मी दात दाबून उभी होते. तोवर आई पुढे गेली होती. तिने त्या मुलीपुढे हात केला. मुलीने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे, आणि मुलीने कुणी काही बोलायच्या आत तो हात धरला. आई तिला मुंगीच्या हाताखालून घेऊन आत निघाली.

"काकू, थांबा. नियम आहे," दारावरची मुलगी म्हणाली.

"कुणाचा?" आईने विचारलं.

दारावरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"दांडा लाव," मी तिला म्हटलं. "अडकला नाही तर मी स्वतः उतरवते हिला."

तिने मालकांकडे एकदा बघितलं. मग त्या मुलीला गाडीत बसवलं, पाय खाली टेकलेत का ते वाकून बघितलं आणि दांडा खाली ओढला. तो अडकला. मी शिकवल्याप्रमाणे तिने तो पुन्हा हिसका देऊन तपासला. वडील चप्पल सावरत धावत येऊन लेकीच्या शेजारी बसले. कठड्याला टेकून उभी असलेली, आधीच परत पाठवलेली पोरं पुढे सरकली.

मालकांची दोन माणसं गर्दीतून वाट काढत आमच्याकडे यायला लागली. आई मुंगीच्या बाजूला, दारात उभी होती आणि रांगेतल्या सगळ्यात बुटक्या पोराला विचारत होती, "तुला बसायचंय ना रे?"